पॉलिहाऊसमधले अंजीर हिरवेच का अडते?

कोल्हापूर परिसरात ज्यांनी जरबेरा किंवा ढोबळी मिरची काढून त्याच पॉलिहाऊसमध्ये अंजीर लावले आहे, त्यांची एक तक्रार दरवर्षी त्याच सुमारास ऐकू येते. फळे भराभर सुपारीएवढी होतात, मग लिंबाएवढी होतात आणि तिथेच थांबतात. महिना उलटला तरी आकार वाढत नाही, रंग बदलत नाही आणि बोटाने दाबले तर फळ दगडासारखे लागते. काही ठिकाणी ही फळे पुढे गळतात, काही ठिकाणी पिकतात पण चवीला पाणीदार लागतात आणि काही ठिकाणी नेमकी तोडणीच्या आदल्या दिवशी तडकतात. वरवर पाहता ही तिन्ही दुखणी वेगळी वाटतात. माझ्या अनुभवात मात्र त्यांतली बरीचशी एकाच गैरसमजातून निर्माण होतात. तो गैरसमज असा, की थांबलेले फळ म्हणजे उपाशी किंवा तहानलेले फळ.

हातकणंगले तालुक्यातील माझ्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. छाटणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली होती, मार्चच्या मध्यास पानांच्या बेचक्यांत फळे दिसू लागली आणि एप्रिल संपेपर्यंत बाग दृष्ट लागावी अशी दिसत होती. मेच्या मध्यावर कामावरचा माणूस म्हणाला, "मालक, माल अडकून बसलाय न्हवं." मलाही तसेच वाटले. आपला हात पडला उसाचा. पीक थांबले की पाणी पाजायचे आणि खत टाकायचे, एवढेच हाताला ठाऊक. मी ठिबकची वेळ दुप्पट केली आणि आठवड्यातून दोनदा 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) सोडले. पंधरा दिवसांत शेंडे वीतभर वाढले, पाने पंजापेक्षा मोठी झाली आणि फळे होती तेवढीच राहिली. जूनमध्ये ती पिकू लागली तेव्हा ओल्या मुळांनी ओढलेले पाणी फळांत शिरले आणि खालच्या दोन-तीन बेचक्यांतील बहुतेक फळे उभी चिरली.

हे का घडले हे समजण्यासाठी आधी फळाची रचना पाहावी लागते. अंजीर हे उंबराचे सख्खे भावंड आहे. नृसिंहवाडीच्या वाटेवर ज्याने पिकलेले उंबर फोडून त्यातून उडणारी केंबरे पाहिली आहेत, त्याला निम्मे आधीच कळलेले असते. ज्याला आपण फळ म्हणतो ती खरे तर एक मांसल पिशवी असून तिच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुले उलटी चिकटलेली असतात आणि बाहेरच्या जगाशी तिचा संबंध टोकाच्या बारीक छिद्रातून, म्हणजे डोळ्यातून, तेवढा येतो. त्यामुळे आंबा-डाळिंबाप्रमाणे आधी मोहोर किंवा कळी, मग सेटिंग म्हणजे फळधारणा, मग फळ असा क्रम बाहेरून दिसत नाही. फुलण्याचे आणि भरण्याचे सगळे काम बंद दाराआड चालते.

या पिशवीची वाढ सलग होत नाही, ती तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पेशींची संख्या वाढते आणि फळ झपाट्याने फुगते. हा साधारण महिना ते सव्वा महिन्याचा काळ असतो. दुसऱ्या टप्प्यात बाहेरचा आकार, रंग आणि कडकपणा जवळजवळ स्थिर राहतो आणि बदल होतो तो आतल्या फुलांत आणि बियांच्या कवचांत. हा मुक्काम जातीनुसार व हवामानानुसार तीन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत लांबू शकतो आणि दोन बागा शेजारी असल्या तरी तो सारखा असेल असे नाही. तिसरा टप्पा सर्वांत लहान, साधारण आठवडा ते दहा दिवसांचा. त्यात फळ पुन्हा फुगते, मान मऊ होऊन झुकते, रंग उतरतो आणि साखरेचा फार मोठा भाग याच दिवसांत फळात येतो. याचा सरळ अर्थ असा, की मेमध्ये जे फळ चाखून आपण बेचव ठरवतो ते बिघडलेले नसते, त्याची साखर अजून यायचीच असते.

दुसऱ्या वर्षी मी एक साधी गोष्ट केली आणि तिचा उपयोग कोणत्याही औषधापेक्षा जास्त झाला. दहा झाडे निवडून प्रत्येकाच्या एका फांदीवर, ज्या दिवशी बेचक्यात मोहरीएवढे फळ दिसले त्या दिवसाची तारीख लिहिलेला चिठ्ठीचा तुकडा रंगीत दोऱ्याने बांधला आणि दर दहा दिवसांनी व्हर्नियर कॅलिपरने फळाचा सर्वांत रुंद भाग मोजून वहीत लिहिला. त्यातले एक फळ 18 मार्चला दिसले होते. 20 एप्रिलला त्याची रुंदी 28 मिलिमीटर भरली. 25 मे रोजी ती 30 होती. पाच आठवड्यांत दोन मिलिमीटर! पहिल्या वर्षी याच आकड्यांवरून मी घाबरलो असतो. 2 जूनला फळाच्या देठाजवळचा हिरवा रंग किंचित पिवळसर झाला आणि पुढच्या सहा दिवसांत कॅलिपरने 45 मिलिमीटर दाखवले. त्याच फांदीवरचे वरच्या बेचक्यातील फळ मात्र त्या दिवशी अजून दगडच होते, कारण अंजिराची फळे नव्या फांदीवर खालून वर, एकामागून एक अशी पिकतात. एकाच फांदीवर पिकलेले, थांबलेले आणि नुकतेच धरलेले अशी तिन्ही प्रकारची फळे एकाच वेळी असणे हे निरोगी झाडाचे लक्षण आहे.

म्हणून निदानाची पहिली पायरी फवारणीची नाही, तारखेची आहे. फळ दिसल्यापासून 75 ते 100 दिवस झालेले नसतील, पान हिरवे व ताठ असेल आणि फळाला सुरकुती नसेल, तर काहीही करू नये. शंका असेल तर एक फळ उभे कापून पाहावे. थांबलेल्या पण निरोगी फळाच्या आतल्या फुलांचा थर दाट आणि ओलसर असतो व सालीजवळचा पांढरा भाग घट्ट असतो. आत पोकळी मोठी, फुले तपकिरी आणि कोरडी, असे दिसले तर फळ थांबलेले नाही, ते मेले आहे, आणि मग पुढील कारणे शोधावी लागतात.

त्यांतले पहिले कारण झाडाच्या जातीतच असू शकते आणि त्यावर कोणताही इलाज चालत नाही. अंजिराच्या नेहमीच्या जाती, ज्यांत आपली पुणेरी जात येते, परागीभवनाशिवाय फळ धरतात. स्मिर्ना गटातील जातींना मात्र नर अंजिरातील परागकण ब्लास्टोफॅगा नावाच्या चिमुकल्या गांधीलमाशीने आत नेऊन पोहोचवावे लागतात. ती नसेल तर फळ सुपारीएवढे होऊन पिवळे पडते आणि गळते. सॅन पेद्रो गटात जुन्या लाकडावरचा पहिला बहार आपोआप येतो, पण नव्या फांदीवरचा मुख्य बहार याच कारणाने गळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी 1880 च्या दशकात स्मिर्नाची झाडे आणून लावली तेव्हा ती वर्षानुवर्षे फळे गाळत राहिली आणि आपल्याला निकृष्ट रोपे विकली असा संशय अनेकांनी घेतला. 1899 मध्ये ही माशी तिथे स्थिरावल्यावर झाडे लागती झाली. माझ्याकडच्या तीस झाडांच्या बाबतीत संशय खरा होता. एका रोपवाटिकेने "परदेशी, मोठ्या फळाची" म्हणून दिलेली ती रोपे दोन हंगाम एकही फळ पिकवू शकली नाहीत आणि जात कोणती हे पावतीवर लिहिलेलेच नव्हते. ओळखण्याची खूण सोपी आहे: सर्व फळे एकाच आकाराला, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरला, एकाच पद्धतीने पिवळी पडून गळत असतील आणि शेजारची पुणेरी झाडे त्याच पाण्यावर व्यवस्थित पिकत असतील, तर दोष व्यवस्थापनाचा नाही. अशी झाडे ठेवण्यात अर्थ नाही. खोड कापून त्यावर आपल्या जातीचे कलम करता येते.

जात योग्य असूनही मुक्काम सहा आठवड्यांपेक्षा लांबत असेल, तर कोल्हापूरच्या हवामानात संशय सर्वांत आधी उजेडावर घ्यावा. जून ते ऑगस्ट या काळात इथे आठवडाभर सूर्य नीट दिसत नाही असे दिवस येतात आणि त्यावर आपण 200 मायक्रॉनचा, तीन-चार वर्षांत धुळीने व शेवाळाने मळकट झालेला प्लास्टिकचा कागद पसरलेला असतो. अंजीर हे भरपूर उन्हाचे झाड आहे. पुण्याजवळच्या पुरंदर भागात पावसाळी बहाराला खट्टा आणि उन्हाळी बहाराला मीठा म्हणतात, यातच सगळे आले. उघड्यावरच्या बागेत ढगांमुळे जर एवढा फरक पडत असेल, तर मळक्या कागदाखाली तो वाढणारच. प्रत्येक फळाचा मुख्य पोशिंदा त्याच बेचक्यातले पान असते. ते पान सावलीत असेल, तांबेरा या बुरशीरोगाने गळाले असेल किंवा "फळाला ऊन लागावे" म्हणून कोणी खुडले असेल, तर ते फळ अडते, ही गोष्ट वहीतील नोंदींवरून मला इतकी स्पष्ट दिसली, की पान खुडणे मी पूर्णपणे बंद केले आहे. कागद पावसाळ्यापूर्वी मेमध्ये बाहेरून मऊ ब्रशने धुवावा. झाडावर फांद्या किती ठेवायच्या हे छाटणीनंतर नवे कोंब चार-पाच पानांचे असतानाच ठरवावे. जपानमध्ये बंदिस्त शेतीत अंजिराचे दोन हात जमिनीलगत आडवे बांधून त्यांवर ठराविक अंतराने उभ्या फांद्या वाढवतात. पद्धत जशीच्या तशी घेतली नाही तरी दोन उभ्या फांद्यांत किमान वीतभर मोकळे अंतर ठेवण्याचे तत्त्व घेण्यासारखे आहे. फांदीला अठरा-वीस पाने झाली की शेंडा खुडावा, म्हणजे अन्न वरच्या पालवीकडे पळत नाही.

नत्राचा अतिरेक हे याच दुखण्याचे दुसरे तोंड आहे. जरबेऱ्याच्या गादीवाफ्यांत आधीच भरपूर शेणखत आणि खतांचा साठा असतो. त्यात अंजिराची मुळे शिरली की झाड माजते. पेरे लांब होतात, पाने गडद हिरवी व मऊ पडतात आणि मधल्या काही बेचक्या रिकाम्याच राहतात. रिकामी बेचकी दिसली की नत्र थांबवावे. फळे थांबलेल्या काळात मी आता 19:19:19 देत नाही. मुक्काम संपण्याच्या सुमारास थोडे 0:0:50 हे पालाशाचे खत आणि त्याआधी, पहिल्या टप्प्यात, कॅल्शियम नायट्रेट माफक प्रमाणात देतो. पालाशाने फळ लवकर पिकते असे जे सांगितले जाते त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. उजेड आणि पान नसेल तर पालाश एकटा साखर बनवू शकत नाही.

पाण्याबाबत नियम दोन टप्प्यांसाठी दोन आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. मधल्या मुक्कामात जमीन एकदम कोरडी पडली तर झाड सर्वांत आधी फळे टाकून देते, म्हणून ओलावा थोडा पण सारखा असावा. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे खालच्या फळाची मान झुकू लागली की, पाणी एक तृतीयांशाने कमी करावे आणि काहीही झाले तरी दोन दिवस ताण देऊन तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी असा प्रकार करू नये. चिरण्याचे कारण तोच झटका असतो. ठिबकच्या थेंबाखालची माती वीतभर खोलीवरून काढून मुठीत दाबावी: गोळा व्हावा, पण बोटांच्या फटींतून पाणी येऊ नये. शिरोळकडच्या काळ्या, क्षारपड होत चाललेल्या जमिनींत ही चाचणी तेवढी पुरेशी नाही, कारण तिथे वरची माती कोरडी दिसत असताना खाली पाणी साचलेले असते. अशा ठिकाणी निचऱ्याची चर काढल्याशिवाय किंवा झाडे मोठ्या ग्रो बॅगमध्ये घेतल्याशिवाय पॉलिहाऊसचे अंजीर जमेल असे मला वाटत नाही. आणखी एक अडचण अशी, की पॉलिहाऊसच्या बाहेर धो धो पाऊस पडत असताना पाण्याची पातळी वर येते आणि आत ठिबक बंद असूनही मुळे भिजतात. कागद छपरावर असतो, जमिनीखाली नसतो, हे जुलैत हमखास विसरले जाते.

उष्णतेचा त्रास उलट दिशेने होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पडदे बंद राहिले तर आतले तापमान सहज 40 अंशांच्या पुढे जाते आणि साधारण 39 अंशांच्या वर अंजीर वेळेआधी पिकते. साल चिवट होते, गर कमी भरतो आणि बागायतदार खूश होतो की माल लवकर आला. तो माल गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. बाजूचे पडदे आणि छपराची खिडकी सकाळी दहापूर्वी उघडावी, दुपारपुरती आतून शेडनेट ओढावी आणि ती चारनंतर आठवणीने मागे घ्यावी, नाही तर उन्हाळ्यातच पावसाळ्याचा अंधार करून ठेवल्यासारखे होते. हिवाळ्यात उलट, डिसेंबरच्या रात्री पारा 15 अंशांच्या आसपास उतरू लागला की तिसरा टप्पा दहा दिवसांऐवजी दुप्पट लांबतो. संध्याकाळी पडदे लवकर सोडणे एवढाच स्वस्त उपाय आहे.

वरचे सगळे ठीक असूनही एखाद-दुसऱ्या ओळीतील झाडेच खुंटलेली दिसत असतील, दुपारी माना टाकत असतील आणि त्यांची फळे लहान राहत असतील, तर मूळ उकरून पाहावे. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे सूक्ष्म कृमी, आहेत. ढोबळी मिरचीने ते जमिनीत वाढवून ठेवलेले असतात आणि अंजीर त्यांना फार लवकर बळी पडते. लागलेल्या झाडाचा पूर्ण इलाज नाही. निंबोळी पेंड, भरपूर सेंद्रिय पदार्थ आणि ओळींमध्ये झेंडू यांनी त्यांचा जोर कमी ठेवता येतो. पानांवर पिवळट ठिपक्यांची नक्षी दिसत असेल तर तो मोझॅक हा विषाणूरोग असू शकतो. तो रोगट काडीतून येतो आणि कोळी या बारीक किडीमार्फत पसरतो, म्हणून अशा झाडाच्या काड्या रोपांसाठी घेऊ नयेत. पानाच्या खालच्या बाजूला विटकरी भुकटीचे फोड दिसले तर तो तांबेरा. पॉलिहाऊसमध्ये पाने कोरडी राहिल्यामुळे तो कमी असतो, पण ठिबकऐवजी फॉगर, म्हणजे धुक्यासारखे पाणी उडवणारी यंत्रणा, चालवणाऱ्यांकडे मी तो बाहेरच्या बागेइतकाच पाहिला आहे.

फळ लवकर पिकवण्यासाठी डोळ्यावर तेलाचा थेंब लावण्याची युक्ती अनेकजण विचारतात. ती खरी आहे आणि भूमध्य सागराच्या परिसरात फार जुनी आहे: तेलामुळे फळात इथिलीन तयार होण्यास चालना मिळते आणि मुक्काम संपत आलेले फळ आठवड्याच्या आत पिकते. अडचण "संपत आलेले" या शब्दांत आहे. दोन आठवडे आधी तेल लावलेले फळ रंगते आणि मऊही पडते, पण साखर येण्याआधीच त्याचा प्रवास संपतो. तारखेच्या चिठ्ठ्या नसतील तर ही युक्ती वापरू नये. चिठ्ठ्या असतील तर हिवाळ्याच्या तोंडावर राहिलेल्या शेवटच्या दोन-तीन बेचक्यांपुरती ती उपयोगी पडते. कापसाच्या बोळ्याने गोडेतेलाचा एकच थेंब डोळ्यावर टेकवावा, सालीवर ओघळू देऊ नये.

तोडणीच्या वेळी डोळा पुन्हा महत्त्वाचा ठरतो. पिकताना तो किंचित उघडतो आणि त्या वाटेने फळमाश्या व लहान भुंगेरे यीस्ट आत नेतात. मग फळ बाहेरून सुंदर आणि आतून आंबलेले निघते, डोळ्यातून गुलाबीसर पाझर येतो व दारूसारखा वास सुटतो. असे एकही फळ झाडावर किंवा खाली पडू देऊ नये. झाडापासून कच्चे तोडलेले अंजीर नंतर मऊ पडते, गोड होत नाही, त्यामुळे चार दिवस आधी तोडून शाहूपुरीत किंवा मार्केट यार्डात नेऊन पिकवण्याचा प्रश्नच येत नाही. मान पूर्ण झुकलेली असावी, देठ वळवताच सुटावा आणि तुटलेल्या देठातून पांढरा चीक वाहू नये. चीक वाहिला तर फळ एक-दोन दिवस आधी तोडले गेले आहे. तो कातडीला झोंबतो, म्हणून तोडणीला येणाऱ्या बायकांना पातळ हातमोजे द्यावेत आणि तोडणी सकाळी आठच्या आत उरकावी, कारण कागदाखाली नऊनंतर फळ गरम होते आणि गरम फळ पेटीत एका दिवसातच मऊ पडून बसते.